एकट्यानं म्हणायची गाणी

चिंचोळकर सर विहिरीतून पाणी काढताना इंग्रजी गाणं म्हणायचे, आणि हाती घेतलेला सूर संपेपर्यंत बादली वर घ्यायचे नाहीत. बादली अर्ध्या विहिरीत लटकलेली, दोराला पीळ बसतोय, मागे चार बाया घागरी घेऊन ताटकळलेल्या, आणि सर डोळे मिटून एकच सूर धरून उभे. श्वास संपला की बादली वर यायची. मग पुढचा सूर, पुढची बादली.

मी लग्न होऊन घाटंजीला आले ती छप्पन्न साली. आमचे हे तिथल्या एका कापसाच्या जिनात कारकून होते. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आणि त्यातली एक भिंत सरांच्या खोलीशी सामाईक. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी विहिरीवर गेले, हा प्रकार पाहिला आणि रिकामी घागर घेऊन परत घरात पळाले. सासूबाई तूर निवडत बसल्या होत्या.

"भेतं कायले?" त्या म्हणाल्या. "मास्तर हाय तो. इंग्रजी शिकवते शाळेत. त्याच्या पोटात रात्रभर काई तरी साचते, सकाळी बाहेर काढते."

इंग्रजी मला अगदीच परकं नव्हतं. अमरावतीला मॅट्रिकपर्यंत शिकले होते. पण भिंतीला कान लावून ऐकलं तरी सरांच्या गाण्यातला एक शब्द ओळखीचा लागेना. शेवटी यांनीच एकदा सरांना विचारलं. विचारायचाच अवकाश होता. सर स्वतःच्या खोलीतून स्वतःची खुर्ची घेऊन आमच्याकडे आले. गळाबंद कोट, कोटाच्या खिशात खडूचा तुकडा, आणि सायकलवर नसतानाही पँटच्या पायाला लावलेल्या दोन क्लिपा.

"वहिनी, हे सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी आहे," ते म्हणाले. "कुठल्याशा मठातल्या साधूनं धर्माच्या जाड पोथीच्या कोऱ्या पानावर, बहुधा कुणी पाहत नाही असं बघून, लिहून ठेवलेलं. एक ओळ शब्दांची, एक ओळ सुरांची. साथीला काय वाजायचं, कोण गायचं, काही लिहिलेलं नाही. एक माणूस आणि त्याचा एक आवाज. कधी कधी तर एकच कडवं. पुढचं त्याला आठवलं नाही, का तेवढ्यात कुणी आलं, देव जाणे."

"चाल कशी कळली मग?" यांनी विचारलं.

सर याच प्रश्नाची वाट पाहत असावेत. खुर्चीच्या कडेला सरकून त्यांनी खिशातला खडू काढला आणि आमच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर चार रेघा ओढल्या. पोथीत त्यांच्यावर काळे चौकोन असतात म्हणून खडूनं पांढरे चौकोन काढले. "हा चौकोन वर, म्हणजे सूर वर. हा खाली, म्हणजे सूर खाली. पण वरच्यावर किती वेळ थांबायचं? खालच्यावर किती? ते कुठंही लिहिलेलं नाही. सूर दिला आहे, काळ दिलेला नाही."

सासूबाई सारवणाकडे बघत होत्या. सर गेल्यावर त्यांनी रेघा पुसल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्याच्या जमिनीवर काढून कायले सांगा लागते?"

'सूर दिला आहे, काळ दिलेला नाही' हे वाक्य सर दिवसातून चार वेळा कुठंही वापरायचे. मोटर उभी आहे पण सुटायची चिन्हं नाहीत, की हे वाक्य. हेडमास्तरांनी पगारवाढ कबूल केली आणि कधी ते सांगितलं नाही, की हेच. मी एकदा त्यांना खिचडीची कृती सांगितली तर त्यांनी शिजायला किती वेळ लागतो ते विचारलंच नाही. चुलीवर पातेलं ठेवून एक लांब सूर धरला, तो संपायच्या आधी खिचडी करपली, आणि करपलेली खिचडी खात ते मला भिंतीपलीकडून म्हणाले, "चूक खिचडीची नाही, वहिनी."

ही गाणी त्यांना कुठं मिळाली? तर नागपूरला कॉलेजात. तिथं त्यांचा एक म्हातारा इंग्रज प्रोफेसर होता, लग्न न केलेला. रविवारी दोन-चार मुलांना घरी बोलावून चहा द्यायचा आणि खिडकीकडे तोंड करून ही गाणी म्हणायचा. बाकीची मुलं बिस्किटं संपली की जायची. चिंचोळकर सर थांबायचे. इंग्रज गेले तेव्हा तो प्रोफेसरही बोटीनं गेला. चार-पाच गाणी मागं राहिली, ती सरांच्या गळ्यात. त्यांनी इंग्लंड पाहिलं नव्हतं, तिथली एखादी तबकडीसुद्धा ऐकलेली नव्हती. तरी गाण्याची ओळ म्हणताना ते कुठं तरी लांब बघायचे. जिनाच्या पत्र्याच्या छपरापलीकडे, सरकीच्या ढिगांपलीकडे.

शाळेत त्यांचं शिकवणंही असंच होतं. इंग्रजीतली जी अक्षरं बोलायची नसतात ती पूर्वी बोलली जायची, असं ते मुलांना सांगायचे आणि बोलूनही दाखवायचे. रात्रीचा 'नाइट' हा शब्द फळ्यावर लिहिला की म्हणायचे, "ही मधली अक्षरं मुकी नाहीत. ती बोलत होती. लोकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं." एकदा इन्स्पेक्टर आले. त्यांनी एका मुलाला धड्यातला दुसरा 'नाइट', शूर शिलेदाराचा, 'के'नं सुरू होणारा, वाचायला लावला. पोरानं सगळ्या अक्षरांना न्याय देत खणखणीत आवाजात वाचलं, "क्निख्त!" इन्स्पेक्टर दचकले. त्यांनी दुसऱ्याला उभं केलं. तोही म्हणाला, "क्निख्त." अख्खा वर्ग म्हणाला. इन्स्पेक्टरांनी शेरा काय मारला ते कळलं नाही. स्पेलिंगमध्ये मात्र त्या वर्गात कुणाची चूक निघाली नाही. तेव्हापासून पोरांनी सरांचं नावच 'क्निख्त सर' ठेवलं.

त्याच सुमाराला आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता, आणि आता शाळेतलं इंग्रजी कमी होणार अशी बोलवा उठली होती. बाजारात कुणी तरी सरांना थांबवलंच, "मास्तर, इंग्रज गेले, आता इंग्रजीबी जाऊन राह्यली म्हणते. तुमचं कसं?"

"माझं इंग्रजी गेलेलंच आहे," सर म्हणाले. "चारशे वर्षं होऊन गेली."

एकदा जिनातल्या एका मजूरबाईच्या पोराला विंचू चावला. मांत्रिक बाहेरगावी गेलेला. सकाळी विहिरीवर न समजणाऱ्या भाषेत काही तरी म्हणणारा माणूस गावात एकच. बाई रडत्या पोराला घेऊन थेट सरांच्या दारात. सर म्हणाले, "अहो बाई, दवाखान्यात न्या." बाई म्हणाली, "नेतो, पण आंधी तुमचं म्हणा." सरांनी पोराला सायकलवर पुढं बसवलं आणि गाणं म्हणत दवाखान्यापर्यंत नेलं. पोरगं वाटेत रडायचं थांबलं. औषधाचं श्रेय कुणी डॉक्टरला दिलं नाही. पुढं कित्येक दिवस सरांच्या दारात विंचू चावलेले, दात दुखणारे, एकदा तर दूध न देणारी म्हैस येऊन उभी राहिली.

पण शाळेच्या स्नेहसंमेलनात जे झालं ते सरांच्या चांगलंच अंगाशी आलं. पाहुण्या म्हणून मिशनच्या दवाखान्यातल्या इंग्रज बाई येणार होत्या. हेडमास्तरांना वाटलं, साक्षात इंग्रज बाईंसमोर आपल्या मास्तरांनी इंग्रजी गाणं म्हटलं तर शाळेची शान वाढेल. पेटीवर भजनी मंडळाचे किसनाजी. आम्ही बायका पुढंच बसलो होतो, म्हणून सगळं नीट ऐकू आलं.

"मास्तर, पट्टी कोनती? काळी दोन?" किसनाजींनी विचारलं.

"किसनाजी, पेटी नको."

"काहून?"

"हे एकट्यानं म्हणायचं गाणं आहे."

"मंग म्हणा ना एकटे. मी कुठं गाऊन राह्यलो? मी नुसता मांगं मांगं येतो."

आणि किसनाजी मागं मागं आले. सरांनी पहिली ओळ म्हटली, थांबले. ते जिथं थांबले तिथं किसनाजींनी एक सुंदर हरकत भरून काढली. टाळ्या पडल्या. सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा थांबले, पुन्हा हरकत, पुन्हा टाळ्या. तिसऱ्या खेपेला सर चालत किसनाजींपाशी गेले, पेटीचा भाता मिटला, त्याच्यावर डावा हात दाबून धरला आणि तसंच वाकून उभं राहून सगळं गाणं म्हटलं. किसनाजी मांडीवर हात ठेवून वर बघत बसले. मंडपात हसू दाबता दाबता बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

संपल्यावर हेडमास्तर बाईंकडे वळून म्हणाले, "कसं वाटलं आमच्या सरांचं इंग्रजी?"

बाईंना मराठी बऱ्यापैकी यायचं. त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "फार सुंदर. हे तेलुगू आहे काय?"

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. बाईला समजत नाही, म्हणजे ते इंग्रजी नाहीच. मग इतकी वर्षं मास्तर पोरांना शिकवतो तरी काय? एक-दोन पालक हेडमास्तरांकडे जाऊन आले. सरांना बोलावणं गेलं. सर त्यांना म्हणाले, "साहेब, सातशे वर्षांपूर्वीचा मराठी माणूस उद्या आपल्या बाजारात आला आणि त्यानं त्याच्या मराठीत वांगी मागितली, तर भाजीवाली त्याला वांगी देईल का?" हेडमास्तर म्हणाले, "देईल का न देईल ते मला माहीत नाही. पण शाळेच्या आवारात हे गाणं आता नको."

त्या संध्याकाळी सर आमच्या ओट्यावर येऊन बसले. मला वाटलं, अपमान मनाला लागला असेल. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही पुढं होतात. बाईंच्या हातातला चहा पाहिलात? गाणं संपेपर्यंत कप तोंडापाशी तसाच होता. कळलं नाही त्यांना. पण ऐकलं."

अठ्ठावन्न साली आमची मंदा झाली. दिवेलागण झाली की ती रडायला लागायची आणि जेवणं होईपर्यंत थांबायची नाही. दृष्ट काढून झाली, वावडिंग देऊन झालं, पोटाला हिंगाचा लेप झाला. एक दिवस संध्याकाळी ती रडत असताना भिंतीपलीकडून आवाज आला. विहिरीवरचं गाणं नव्हतं ते. हे मी आजवर ऐकलेलं नव्हतं. फार हळू, फार थोड्या सुरांचं, फिरून फिरून एकाच जागी येणारं. मंदा रडता रडता थांबली. भिंतीकडे मान वळवून बघत राहिली आणि झोपली.

सकाळी सर दारात उभे. चेहरा कैफियत द्यायला आलेल्या माणसासारखा. "काल जरा न विचारता झालं. अंगाई आहे ती, त्याच काळातली. हरकत नसेल तर संध्याकाळी भिंतीशी बसून म्हणत जाईन."

"हरकत कसली, सर? इकडंच येऊन म्हणा की."

"नको, नको." ते एकदम मागं सरले. "तोंड दिसलं की मुलं घाबरतात. भिंतीआडून बरं."

मग रोज दिवेलागणीला ती अंगाई ठरून गेली. सासूबाई आधी कुरकुरल्या, पोट्टी उद्या इंग्रजीत रडून राह्यली तर काय करसान म्हणून. पण आठ दिवसांनी त्याच भिंतीवर बोटानं टकटक करायला लागल्या, "मास्तर, झाली ना बाप्पा येळ! पोरगी वाट पाहून राह्यली."

एकटा, बायको नसलेला माणूस. याला अंगाई शिकायची काय गरज पडली असेल, हा प्रश्न मला पडायचा. विचारायला धीर होत नव्हता.

तो प्रश्न सुटला राठोड सरांच्या पुतणीच्या लग्नात. राठोड सर शाळेत कवायत शिकवायचे. त्यांचा तांडा घाटंजीपासून बैलबंडीनं तासाभराच्या वाटेवर होता. आम्ही, मंदा आणि चिंचोळकर सर असे सगळे गेलो. दुपारी नवरी निघायची वेळ झाली. बंजाऱ्यांत नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गाऊन रडते. ढावलो म्हणतात त्या गाण्याला. ना ढोलक, ना साथ. सोळा-सतरा वर्षांची पोर आईच्या गळ्यात पडली आणि तिनं 'याडी' अशी हाक मारून सूर धरला. याडी म्हणजे आई, एवढंच मला कळलं. बाकीचे शब्द त्यांच्या गोरबोलीतले. सूर वर गेला, तिथं थांबला, हुंदक्यानं तुटला, पुन्हा तिथंच जाऊन थांबला.

सर जेवणाचं पान हातात घेऊन उभे होते. वरण पानावरून ओघळून त्यांच्या कोटावर सांडत होतं.

"सर, जेवून घ्या," राठोड सर म्हणाले. "हे आता लय वेळ चालते."

"राठोड, तिनं तो सूर किती वेळ धरला, पाहिलंत?"

"माय समोर हाय तोवर धरते, सर. सोडलं का जा लागते ना."

सरांनी पान तसंच खाली ठेवलं.

परतीच्या वाटेवर मंदा माझ्या मांडीवर झोपली होती. हे पुढं बंडीवाल्याशी कापसाच्या भावाचं बोलत होते. उन्हं उतरत होती. सर तिच्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, मला एक मुलगी आहे. महागावला."

मी मंदाच्या अंगावरचा पदर सारखा केला.

"अकरा-बारा वर्षांची असेल आता. इंदिरा. बाळंतपणातच तिची आई गेली. मी नागपूरला होतो. बाळ व्हायचं म्हणून प्रोफेसरांकडून ही अंगाई मुद्दाम शिकून घेत होतो. घरी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. सासूबाई बाळाला महागावला घेऊन गेल्या. बरोबरच होतं. मी काय करणार होतो?"

"मग तिला म्हटलीत का अंगाई?"

"एकदा. दोन वर्षांची होती. मांडीवर घेतली आणि म्हणायला लागलो. तिनं असा टाहो फोडला की घरातली माणसं धावत आली. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, पोरीले भेव दाखवू नका." ते थोडं हसले. "दर दिवाळीला जातो. ओसरीवर बसतो. ती पाणी आणून देते आणि पळते. मला 'घाटंजीचे मास्तर' म्हणते. घरात सगळेच तसं म्हणतात ना."

"अहो, मग इकडं घेऊन या तिला!"

"कशासाठी आणू, वहिनी? तिथं तिला आजी आहे, मामी आहे, मामाची मुलं आहेत. इथं काय आहे? विहीर आहे."

पुढं तीनेक वर्षांनी आजी वारली. मामा नोकरीसाठी नागपूरला निघाला. शहरात दोन खोल्या, त्यात स्वतःची चार पोरं. 'एखादं स्थळ पाहून उजवून टाकू' असं घाटायला लागलं. हे कानावर आलं तसे सर शाळेतून तडक महागावला गेले. दोन दिवसांनी मोटरीतून उतरले तेव्हा त्यांच्या एका हातात पत्र्याची ट्रंक होती आणि मागून दोन वेण्या घातलेली, खाली मान घातलेली एक लांबोडकी पोरगी येत होती.

मला वाटलं, आता या घरात आनंदीआनंद होईल. तर झालं उलटंच. सरांचं गाणं बंद पडलं. विहिरीवर बादली मुकाट्यानं वर-खाली व्हायची. बाया एकमेकींकडे बघायच्या. पाणी लवकर मिळायला लागलं तरी कुणाला बरं वाटत नव्हतं. दिवेलागणीची अंगाईही थांबली. मंदा तोवर साडेतीन-चार वर्षांची झाली होती. ती भिंतीवर थापट्या मारून म्हणायची, "सर, म्हणा ना!" पलीकडून काही यायचं नाही.

भिंतीपलीकडचं बोलणं आम्हाला ऐकू यायचं. त्याला बोलणं म्हणायचं तर.

"इंदिरा, जेवण झालं?"

"हो, सर."

"अभ्यास?"

"झाला, सर."

ती त्यांच्याच शाळेत आठवीत बसली होती, तेव्हा 'सर'च म्हणायची. घरात शाळा भरलेली आणि शाळेत तर शाळाच.

मी सरांना एकदा विहिरीवर गाठलं. "गाणं का सोडलंत?"

"आधीच मुलं तिला 'क्निख्तची पोरगी' म्हणून चिडवतात," ते दोर गुंडाळत म्हणाले. "लहानपणी घाबरली, आता लाजेल. तिला इथं राहायचं आहे, वहिनी. मला सवय आहे."

आणि त्याच आठवड्यात इंदू माझ्याकडे आली. मी शेवया करत होते. ती मंदाला मांडीवर घेऊन बसली, बराच वेळ तिच्या केसांशी चाळा करत राहिली आणि मग म्हणाली, "काकू, मी मामाकडं जाऊ का?"

"का गं? काय झालं?"

"विहिरीवर बाया बोलतात. सर आधी गात होते म्हणे. सकाळ-संध्याकाळ. मी आले आणि गाणं थांबलं." तिनं मंदाचे केस सोडले. "माह्यामुळंच ना? त्यायले मी नको असन तर तसं सांगा. मी जातो."

माझे हात पिठात तसेच राहिले. काय सांगावं, किती सांगावं, ते मनात जुळवत होते. तेवढ्यात मंदा तिच्या मांडीवर आडवी होऊन, अंगठा तोंडात घालायच्या आधी रोजच्या सवयीनं स्वतःशीच गुणगुणायला लागली.

"लाल गाय... लाल गाय..."

ती सरांची अंगाई होती. त्या जुन्या इंग्रजीत बाळाला जोजवायचा जो बोल होता, 'ललाय ललाय' असा काही तरी, त्याची मंदानं लाल गाय केली होती. पुढं गाय कुठं कुठं जाते, चारा खाते, असं सगळं तिनं तिच्या समजुतीनं भरलं होतं. पण चाल तंतोतंत सरांची.

इंदूनं विचारलं, "कोणतं गाणं आहे हे?"

"माहं गाणं हाय," मंदा म्हणाली. "भिंतीतलं."

मग मी सांगितलं. नागपूर, प्रोफेसर, महागावची ओसरी, तिनं फोडलेला टाहो, सगळं. "हे मंदाचं गाणं नाही, इंदू. तुझं आहे. तुझ्यासाठी शिकलेलं. मंदाला मिळालं ते भिंतीपलीकडून."

इंदू रडली नाही. खाली बघत मंदाला थोपटत राहिली. मग तिला म्हणाली, "मले शिकवतं का?"

मंदा उठून बसली. शिकवायला मिळतंय म्हटल्यावर झोप कुठली! आणि सरांच्यावर ताण अशी कडक मास्तरीण. "असं नाई. लांब म्हण. अजून लांब." त्यानंतर चार-पाच दिवस दुपारी दोघी आमच्या मागच्या दारी बसायच्या. मला जवळ येऊ द्यायच्या नाहीत.

मग आठवड्याचा बाजार आला. मी अंगणात खाटेवर शेवया वाळत घालत होते. पलीकडच्या खोलीत इंदू एकटीच होती. चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला आणि ती गायला लागली. आधी हळू, मग तिच्याही नकळत मोठ्यानं. आवाज काही फार गोड नव्हता, थोडा जाडसर, मामाकडच्या शेतात हाका मारून तयार झालेला. भलत्याच ठिकाणी श्वास घेत होती. लाल गाय होती, चारा होता, एक ओळ तर गाळूनच टाकली होती.

तेवढ्यात सर बाजारातून आले. हातात भाजीची पिशवी, पायात क्लिपा. दाराशी पोचले आणि थबकले.

मला धास्ती वाटली. आता ते आत जातील, खडू काढतील, शब्द नीट करतील, श्वासाच्या जागा दाखवतील. किसनाजींच्या पेटीवर हात दाबून धरणारा माणूस हा.

सर तिथंच उभे. ओठ किंचित हलत होते, पण आवाज नव्हता. पिशवीतली सांबाराची हिरवी जुडी उन्हानं मान टाकायला लागली होती.

"आत जा ना, सर," मी हळूच म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. "जातो," ते म्हणाले. "घाई नाही. घरात गाणं चालू आहे आमच्या."

गाणं संपलं. आता तरी ते आत जातील असं मला वाटलं. पण इंदूनं एक भाकरी उलटली, दम घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. सरांनी पिशवी आवाज न होईल अशी खाली ठेवली आणि पायरीवर बसले.